डायर्नलचा दिवस

सकाळी ७

डायर्नल असतं त्या दिवशी मी ओपीडीच्या बरीच आधी येते. मी मूळची भालकीची, शिक्षणाने ऑप्टोमेट्रिस्ट. कलबुर्गीतल्या आमच्या डोळ्यांच्या दवाखान्यात काचबिंदूची तपासणी माझ्याकडे असते. एकाच माणसाच्या डोळ्याचा दाब दिवसभर आणि रात्रीही ठरावीक वेळांनी मोजायचा, याला आम्ही डायर्नल म्हणतो. ओपीडीत आम्हाला कळतो तो बहुतेक वेळा सकाळी दहा ते दुपारी एकमधला दाब. बाकीच्या वेळी त्या डोळ्यात काय चाललेलं असतं, ते ना रुग्णाला ठाऊक, ना आम्हाला.

आमच्या डायर्नलच्या कागदावर डोळ्याच्या दाबाशेजारी बीपीचा रकाना आहे. मला विचाराल तर तो काचबिंदूच्या प्रत्येक फाइलमध्ये हवा. काचबिंदूत डोळ्यामागची नस सुकत जाते. या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात, आणि ती डोळ्यातून बाहेर पडते त्या जागी अगदी बारीक धमन्या तिला रक्त पुरवतात. रक्ताला आत ढकलतं ते बीपी, आणि आतून विरोध करतो तो डोळ्याचा दाब. बीपीच्या खालच्या आकड्यातून डोळ्याचा दाब वजा केला की जे उरतं, तेवढाच जोर रक्त पुढे सरकवायला शिल्लक असतो. खालचं बीपी ८० आणि डोळ्याचा दाब १६ असेल तर उरले ६४. यालाच परफ्युजन प्रेशर म्हणतात. वरचा आणि खालचा, दोन्ही आकडे धरून सरासरीचं एक सूत्रही आहे, संशोधनात ते जास्त वापरतात. वॉर्डात ही साधी वजाबाकी पुरते.

आकडे विश्वासाचे हवेत, म्हणून आधी यंत्र तपासायचं. डोळ्याचा दाब मोजणाऱ्या गोल्डमन टोनोमीटरच्या डबीत एक दांडी असते आणि तिच्यावर पाच रेघा असतात. मधली रेघ शून्याची, तिच्या दोन्ही बाजूंच्या रेघा २० च्या आणि टोकाच्या ६० च्या. दांडी बाजूला लावायची, ड्रम फिरवायचा आणि टोनोमीटरचा हात नेमका कुठे पुढे झुकतो ते बघायचं. आज तिन्ही ठिकाणी बरोबर झुकला. काचेचं टोक स्पिरिटने पुसलं आणि वाळू दिलं. ओलं टोक बुबुळाला लावलं तर वरची त्वचा सोलवटते आणि माणूस दिवसभर डोळा चोळत बसतो.

सकाळी ९

आजच्या डायर्नलचे रुग्ण मामा. आळंद तालुक्यातले, पासष्टीचे, तुरीचे शेतकरी. पहिल्या बसने आले. आमच्याकडे त्यांची फाइल दोन वर्षांची आहे. रोज रात्री एक थेंब न चुकता घालतात. ओपीडीत दाब कधी १५, कधी १७, म्हणजे १० ते २१ च्या ठरलेल्या मर्यादेत. तरीही उजव्या डोळ्याचं फील्ड, म्हणजे नजरेचा पसारा, बिघडत चाललंय. नाकाकडच्या बाजूला, वरच्या भागातला काळा डाग प्रत्येक छापील कागदावर थोडा मोठा होतोय. असा रुग्ण आला की डॉक्टर म्हणतात, "दाखल करा आणि रात्र बघा."

"सोबत कोण आहे मामा?"

"पोरगा बसस्टँडवर सोडून गेला. तुरीला शेंगा धरल्यात, अळी पडायलीय. औषध मारायचंय त्याला."

बीपी घ्यायच्या आधी पाच मिनिटं गप्प बसायचं, पाठ टेकवायची, पाय जमिनीवर ठेवायचे. मामांना गप्प बसणं अवघड जातं. १३८/८४ निघालं. मग डोळा बधिर करणारा थेंब टाकला आणि रंगाची पट्टी पापणीच्या आत टेकवली.

निळ्या उजेडात टोनोमीटरचं टोक बुबुळाला अलगद लागलं की मला दोन हिरवी अर्धवर्तुळं दिसतात, एक वर आणि एक खाली. ड्रम फिरवत दोन्हींच्या आतल्या कडा एकमेकींना भिडवायच्या. भिडल्या की ड्रमवरचा आकडा वाचायचा. पण त्या कडा एका जागी थांबत नाहीत. नाडीच्या ठोक्याबरोबर जवळ येतात, लांब जातात, पुन्हा जवळ येतात. प्रत्येक ठोक्याला डोळ्यात थोडं जास्तीचं रक्त शिरतं, दाब दोन-तीन मिलिमीटर चढतो आणि लगेच उतरतो. या हेलकाव्याच्या मधोमध आकडा घ्यायचा. शिकत असताना मला वाटायचं, हे हलणं म्हणजे मोजमापातला अडथळा. आता मी आकडा लिहून झाल्यावरही क्षणभर त्या कडा बघत राहते. समोरच्या माणसाच्या डोळ्यात रक्त वाहतंय आणि ते मला दिसतंय, यासाठी कुठलं महागडं मशीन लागलेलं नाही.

मामांचा उजवा डोळा १७. ८४ वजा १७, उरले ६७. उत्तम.

"म्हणजे काय झालं मग?" मामांनी विचारलं.

"मामा, तुमची मोटार विहिरीवर आणि शेत चढावर. मोटारीचा जोर कमी झाला किंवा चढ वाढला, तर पाणी कुठपर्यंत जातं?"

"शेवटच्या सरीला जात नाही."

"डोळ्यातली नस शेवटच्या सरीला आहे. मोटार म्हणजे तुमचं बीपी आणि चढ म्हणजे डोळ्याचा दाब. आजपर्यंत आम्ही नुसता चढ मोजत होतो."

मामा हसले नाहीत. मान हलवून म्हणाले, "दोन्ही मोजा मग."

सकाळी १०:३०

ओपीडी भरली. बसवकल्याण, हुमनाबाद, चिंचोळी, अफझलपूर, आणि सीमेपलीकडून अक्कलकोट, उमरगा. जून २०२३ मध्ये कर्नाटकात शक्ती योजना सुरू झाली, बायकांना सरकारी बस फुकट झाली. तेव्हापासून आमच्या खोलीत एकट्या येणाऱ्या बायका वाढलेल्या मला दिसतात. आधी नवऱ्याला नाहीतर मुलाला सवड झाली तरच त्यांची तपासणी व्हायची.

एका तासात तीन भाषा बोलाव्या लागतात. डोळे मिटू नका मावशी. कण्णु मुच्चब्याड्री अक्का. आँखां बंद करो नक्को चचा. हे वाक्य दिवसभरात इतक्या वेळा म्हणावं लागतं की कुठल्या भाषेत म्हणतेय हे माझ्या लक्षातही येत नाही.

दक्षिण भारतातल्या खेड्यांमधल्या पाहण्यांनी एक गोष्ट पुन्हा पुन्हा दाखवली आहे. काचबिंदू असलेल्या दहांपैकी नऊ जणांना तो आहे हेच माहीत नसतं. २०१० मध्ये भारतीय डॉक्टरांनी मांडलेल्या अंदाजानुसार देशात चाळिशीपुढच्या १ कोटी १२ लाख लोकांना हा आजार होता. मोतीबिंदू माणसाला दवाखान्यात घेऊन येतो, कारण समोरचं धूसर दिसायला लागतं. काचबिंदू कडेकडेने नजर खातो, आणि बहुतेकांना ना दुखणं ना लाली. आज बसवकल्याणचा एक कॉलेजचा मुलगा आला. खाज येते म्हणून मेडिकलमधून आणलेले स्टेरॉइडचे थेंब तो महिनोन्महिने घालत होता. दाब ३८. त्याला लगेच डॉक्टरांकडे नेलं. हे थेंब चिठ्ठीशिवाय मिळतात याचा मला दर वेळी तितकाच संताप येतो.

दुपारी १२

मामांना घेऊन सोनोग्राफीच्या खोलीत गेले. बाहेर बाकावर गरोदर बायका बसलेल्या. त्यांच्या पोटातल्या बाळाच्या नाळेत रक्त कसं वाहतं ते ज्या कलर डॉपलरने बघतात, तेच मशीन डोळ्यामागच्या धमन्याही दाखवतं. आपल्या भागात तालुक्याच्या गावीही हे मशीन असतं. काचबिंदूसाठी त्याचा उपयोग होतो हे मात्र फार थोड्या ठिकाणी कुणाच्या ध्यानात येतं.

मामांना उताणं झोपवलं आणि मिटलेल्या पापणीवर भरपूर जेल घातलं. रेडिओलॉजिस्ट मॅडमनी हाताचा भार त्यांच्या कपाळावर ठेवला आणि प्रोब नुसता जेलवर तरंगत ठेवला. इथे सगळं कसब न दाबण्यात आहे. पापणी जरा दाबली तरी डोळ्याचा दाब वाढतो, रक्ताचा वेग पडतो, आणि आपणच केलेला बिघाड आपण आजार म्हणून लिहून बसतो.

पडद्यावर काळ्या गोल डोळ्यामागे लाल-निळे ठिपके लुकलुकायला लागले. आधी ऑप्थॅल्मिक आर्टरी, ही डोळ्याची मोठी धमनी. ठोक्याच्या वेळी तिच्यात सेकंदाला साधारण ३५ ते ४० सेंटिमीटर वेग असतो. मग नसेच्या मधून जाणारी सेंट्रल रेटिनल आर्टरी, तिचा वेग १० च्या आसपास. आणि शेवटी नसेच्या दोन्ही बाजूंच्या शॉर्ट पोस्टिरियर सिलिअरी आर्टरी. नसेच्या तोंडाशी रक्त आणून देण्याचं मुख्य काम या करतात, आणि सापडायला सर्वांत अवघडही याच. मॅडम पाच मिनिटं शोधत होत्या. बाहेरून कुणीतरी दार वाजवलं, त्यांनी उत्तरही दिलं नाही.

ठोक्याच्या वेळचा वेग आणि दोन ठोक्यांमधला सर्वांत कमी वेग, या दोहोंमधून अडथळ्याचा एक आकडा काढतात, रेझिस्टिव्ह इंडेक्स. तो १ कडे सरकला तर पुढच्या बारीक वाहिन्यांमध्ये रक्ताला अडथळा जास्त. काचबिंदूच्या रुग्णांत तो सरासरीने जास्त आढळतो. मामांचाही जास्त आला. यातून किती कळलं हेही सांगायला हवं. डॉपलर वेग सांगतो. धमनी इतकी बारीक असते की तिची रुंदी या मशीनला मोजता येत नाही, म्हणून मिनिटाला नेमकं किती रक्त गेलं ते यावरून काढता येत नाही. डोळ्याच्या आतल्या सगळ्या पडद्यातून मिनिटाला जाणारं रक्त मुळात औषधाच्या बाटलीतून पडणाऱ्या एक-दोन थेंबांइतकंच असतं. एवढ्याशा रक्तावर माणसाचं वाचणं, लिहिणं, माणसं ओळखणं चालतं.

परत येऊन मोजलं. बीपी १३४/८२, दाब १५. पुन्हा ६७.

दुपारी १:३०

जेवण. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, तुरीचं वरण. मामांना वॉर्डातलं ताट आलं. वरणाचा घास घेऊन त्यांनी विचारलं, "डाळ बाहेरची दिसायलीय?" गुलबर्ग्याच्या, म्हणजे आजच्या कलबुर्गीच्या, तुरीला २०१९ मध्ये जीआय मानांकन मिळालं, पण मामांना डाळ ओळखायला कागद लागत नाही.

दुपारी २:३०

ओसीटी अँजिओग्राफीची खोली अंधारी आणि थंड आहे. हे मशीन येण्याआधी आमचे रुग्ण यासाठी हैदराबादला नाहीतर सोलापूरला जायचे. बीदर आणि गुलबर्ग्याच्या माणसाचं पाऊल मोठ्या आजाराला अजूनही आपोआप हैदराबादकडेच वळतं. निजामाच्या राज्यात असतानाची ही सवय आहे.

मशीनचं तत्त्व साधं आहे. नसेभोवतीच्या त्याच जागेचा फोटो ते सेकंदाच्या अंशात पुन्हा पुन्हा घेतं. दोन फोटोंमध्ये जे जसंच्या तसं राहिलं ते ऊतक, आणि जे बदललं त्या वाहत्या रक्तपेशी. बदलाच्या जागा तेवढ्या ठेवल्या की रक्तवाहिन्यांचं जाळं उमटतं. शिरेत रंग टोचावा लागत नाही. ओसीटी हे प्रकाशाने डोळ्याच्या पडद्याचे थर बघण्याचं तंत्र १९९१ चं, आणि त्यातून रक्तवाहिन्यांचं जाळं काढण्याची आज बरीच वापरली जाणारी रीत २०१२ ची. दोन्ही कामांत डेव्हिड हुआंग या संशोधकाचं नाव आहे. डोळ्यातल्या रक्ताचा वेग लेझरने मोजता येतो हे रिव्हा, रॉस आणि बेनेडेक या संशोधकांनी १९७२ मध्येच दाखवलं होतं. पण ते प्रयोगशाळेतलं काम होतं. आमच्यासारख्या खोलीत हनुवटी टेकवून करता येणारी तपासणी यायला चाळीस वर्षं लागली.

मामांना हनुवटी टेकवायला सांगितलं. "हिरव्या फुलीकडे बघा. हलू नका. पापणी आत्ता मिटा, डोळा मोठा उघडा, आता धरा." पहिल्या वेळी पापणी लवली आणि चित्रात आडवी काळी रेघ आली. दुसऱ्या वेळी डोळा कोरडा पडला, चित्र धूसर निघालं. कृत्रिम अश्रूंचा थेंब घातला, थोडं थांबलो. तिसऱ्या वेळी जमलं. सिग्नलचा आकडा पुरेसा आल्याशिवाय मी चित्र ठेवत नाही. मोतीबिंदू, कोरडेपणा, हालचाल, यांतल्या कशानेही जाळं विरळ दिसतं आणि आजार नसताना आजार वाटतो.

डाव्या डोळ्यात नसेभोवती दाट, सरळ, पडद्याच्या तंतूंना धरून जाणाऱ्या केशवाहिन्या. उजव्या डोळ्यात खालच्या बाहेरच्या बाजूला पाचरीच्या आकाराची जागा मोकळी. फील्डमधला डाग वरच्या बाजूला आणि इथली मोकळी जागा खाली, हे जुळतं. डोळ्यात चित्र उलटं पडतं.

आता प्रश्न असा की रक्त कमी झालं म्हणून तंतू मेले, की तंतू मेल्यावर त्यांना रक्ताची गरज उरली नाही म्हणून वाहिन्या मिटल्या? एका चित्रावरून हे सांगता येत नाही. बंगळुरूच्या नारायण नेत्रालयातले डॉ. हर्षा राव आणि त्यांचे सहकारी २०१६ पासून भारतीय रुग्णांमधल्या या जाळ्याच्या मोजणीवर लिहीत आले आहेत. जाळ्याची घनता मोजल्याने निदान नसेच्या तंतूंच्या थराची जाडी मोजण्यापेक्षा सरस ठरतं, असं त्यांना आढळलं नाही. मी हे रुग्णांच्या नातेवाइकांना आवर्जून सांगते. रंगीत चित्र बघितलं की त्यांना वाटतं आता सगळं उलगडलं, आणि हैदराबादहून महागडी तपासणी करून आणलेला कागद ते देवाच्या अंगाऱ्यासारखा जपून ठेवतात. खूप पुढे गेलेल्या काचबिंदूत मात्र या तपासणीचं मोल वाढतं. तिथे तंतूंच्या थराची जाडी एका तळाला टेकलेली असते, आणखी कमी होताना दिसत नाही. जाळं तेव्हाही बदल दाखवू शकतं.

दुपारी ४:३०

मामांचं मोजमाप: १३२/८०, दाब १५, उरले ६५. दिवसभरात एकही आकडा काळजीचा नाही.

याच वेळी भालकीचे एक निवृत्त मास्तर फेरतपासणीला आले. त्यांची गोष्ट सांगायला हवी, कारण मामांच्या डायर्नलमध्ये बीपी आलं ते त्यांच्यासारख्या रुग्णांमुळे. मास्तरांचाही दाब कायम १४-१५ असायचा आणि फील्ड बिघडत होतं. त्यांना चोवीस तासांचं बीपी मशीन बांधलं होतं. दंडावर पट्टा, कमरेला डबी. दिवसा अर्ध्या तासाने आणि रात्री तासाने पट्टा आपोआप फुगतो. दिवसाचं बीपी १३० च्या घरात. पहाटे तीनला ९४/४८. झोपेत बीपी थोडं उतरणं सगळ्यांचंच होतं. मास्तर रात्री जेवल्यावर बीपीची गोळी घ्यायचे, आणि तिचा जोर ऐन झोपेत यायचा.

पंजाबात जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत आयोवा विद्यापीठात काम केलेले डॉ. सोहनसिंग हयरेह यांनी आयुष्यभर नसेच्या रक्तपुरवठ्याचा अभ्यास केला. सिलिअरी धमन्याच नसेच्या तोंडाला रक्त देतात हे ठामपणे दाखवणाऱ्यांपैकी ते एक. १९९४ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी चोवीस तासांच्या बीपीवरून मांडलं की बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांमध्ये रात्रीचं बीपी फार उतरणं आणि फील्ड बिघडत जाणं यांचा संबंध दिसतो. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या बाल्टिमोरच्या पाहणीतून आलं की ज्यांची ती वजाबाकी सर्वांत कमी होती, त्यांच्यात काचबिंदूचं प्रमाण सहापट होतं.

मास्तरांच्या फिजिशियनने गोळी सकाळवर आणली. त्यानंतरच्या फील्डमध्ये डाग होता तेवढाच आहे. एवढ्यावरून काही सिद्ध होत नाही, फील्ड आणखी बरीच वर्षं बघावं लागेल, हे डॉक्टर त्यांना दर भेटीत सांगतात. मास्तर आज म्हणाले, "बाई, मी गावातल्या दोघांना सांगितलं रात्रीची गोळी बंद करा म्हणून."

मी खुर्ची पुढे ओढली. "सर, असं करू नका. बीपीची गोळी कुणीही आपल्या मनाने बंद करायची नाही. लकवा झाला तर डोळा वाचवून काय करणार? वेळ बदलायची ती फिजिशियनने. तुम्ही फक्त सांगा की डोळ्याच्या डॉक्टरला आणि बीपीच्या डॉक्टरला एकमेकांशी बोलायला लावा." मास्तरांनी वहीत लिहून घेतलं. त्या दोघांना ते आजच फोन करतील, याची मला खात्री आहे.

संध्याकाळी ७

ओपीडी रिकामी झाली. मामांच्या पिशवीतल्या गोळ्या टेबलावर मांडून घेतल्या. गावाकडच्या माणसाला "कुठल्या गोळ्या घेता" विचारलं तर "बीपीची एक आणि पांढरी एक" एवढंच उत्तर मिळतं. पाकिटं बघितल्याशिवाय काही कळत नाही. बीपीच्या दोन वेगवेगळ्या गोळ्या, दोन्ही रात्री. आणि लघवीला अडतं म्हणून तिसरी, तीही रात्री. प्रोस्टेटसाठी दिलेली ही गोळीही बीपी थोडं खाली आणू शकते. तिन्ही वेगवेगळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवर आहेत. प्रत्येक चिठ्ठी आपल्या जागी बरोबर आहे, तिन्ही एकत्र कुणी बघितलेल्या नाहीत.

"रात्रीच का घेता मामा सगळ्या?"

"दिवसा शेतात. ध्यानात राहत नाही. रात्री थेंब घालायचा असतोच, त्याच्याबरोबर उरकून टाकतो."

थेंब वेळेवर घालायची चांगली सवय आणि रात्रीच्या गोळ्या एकमेकींना बांधल्या गेल्या होत्या. आज नेहमीप्रमाणेच सगळं घ्यायचं, नाहीतर रात्रीचा आकडा खरा येणार नाही. थेंब घालताना मात्र दाखवलं, की घातल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटाने दोन मिनिटं दाबून धरायचा. त्यामुळे औषध नाकावाटे अंगात कमी उतरतं. मामांच्या थेंबात हे फार महत्त्वाचं नाही, पण टिमोलॉलसारखा थेंब पुढे सुरू झाला तर आहे. तो अंगात उतरला की नाडी आणि बीपी दोन्ही खाली आणतो. दमेकऱ्याला तो देतच नाहीत.

रात्री १०

१२६/७६, दाब १६, उरले ६०. मामांनी आठला जेवून गोळ्या घेतल्या होत्या. सिस्टरना सांगितलं, दोन वाजता मीच येईन, मामांना आधी उठवू नका, पाणीही द्यायला जाऊ नका. डायर्नलच्या रात्री मी वरच्या खोलीत झोपते.

रात्री २

रात्रीचं मोजमाप झोपलेल्या स्थितीतच घ्यावं लागतं. माणूस उठून बसला की बीपी चढतं, डोळ्याचा दाब उतरतो, आणि जे बघायला आलो ते निसटतं. म्हणून यावेळी गोल्डमन कामाचा नाही. हातात धरायचा पर्किन्सचा टोनोमीटर घेतला. दंडावर बांधून ठेवलेला पट्टा आधी फुगवला, मग हळू आवाजात मामांना जागं केलं.

"मामा, डोकं उचलू नका. फक्त डोळा उघडा."

बीपी ९८/५२. दाब २१.

आडवं झालं की बहुतेकांच्या डोळ्याचा दाब वाढतो, त्यामुळे २१ मध्ये नवल नाही. ओपीडीत हा आकडा आला असता तर कुणी काळजीही केली नसती. पण ५२ मधून २१ गेले, उरले ३१. दुपारी ६५ होते. निरोगी डोळ्यातल्या वाहिन्या अशा वेळी स्वतः रुंदावून रक्त टिकवून धरतात, तेवढी सोय निसर्गाने केलेली आहे. काही काचबिंदूच्या रुग्णांत ती कमी पडते. मामांच्या वाहिन्या रात्री काय करत होत्या हे आमच्या कुठल्याही मशीनने दाखवलेलं नाही. त्यांना दर रात्री काही तास फार थोड्या जोरावर काढावे लागत होते, एवढं मात्र या दोन आकड्यांनी दाखवलं. डॉपलर आणि अँजिओग्राफीने दिवसा जे विचारलं, त्याचं उत्तर मिळालं ते रात्री दोन वाजता, दंडावरच्या पट्ट्याने.

पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं. १००/५२, २१. कागदावर दोन्ही लिहिले आणि ड्यूटी डॉक्टरांना दाखवले. मामांना चक्कर, घाम, छातीत काही वाटत नव्हतं. ते लगेच झोपले.

सकाळी ६

अंथरुणातच: ११०/६०, २०, उरले ४०. उठून दहा मिनिटं बसल्यावर: १२८/७८, १८, उरले ६०.

सकाळी ८:३०

डॉक्टरांनी कागद हातात घेतला, रात्री दोनच्या ओळीवर पेन ठेवलं आणि आळंदला मामांच्या फिजिशियनना फोन लावला. बोलणं कन्नडमध्ये झालं. बीपीची एक गोळी आजपासून सकाळी न्याहारीनंतर. दुसरी तूर्त आहे तिथेच, तीन आठवड्यांनी चोवीस तासांचं मशीन बांधून मग ठरवायचं. प्रोस्टेटच्या गोळीबद्दल ज्यांनी ती दिली त्यांना विचारायचं, तोपर्यंत हात लावायचा नाही. थेंब तोच.

मामांना वाचायला येतं, पण बारीक अक्षर दिसत नाही. पाकिटांवर मी जाड पेनाने सूर्य आणि चांदणी काढली, थेंबाच्या बाटलीवरही चांदणी. त्यांच्याकडून दोनदा म्हणवून घेतलं, कुठली कधी.

"तीन आठवड्यांनी या मामा, सकाळच्या बसने. मशीन बांधून देते, दुसऱ्या दिवशी सोडायला या."

"तुरीची रास झाली की येतो."

"रास डिसेंबर-जानेवारीत. तुम्ही यायचं त्याच्या आधी."

"मजूर मिळनात, बाई."

दरवर्षी रास सुरू झाली की आमच्या फाइलींतल्या तारखा कोऱ्या जातात, आणि संक्रांतीनंतर येणाऱ्यांचं फील्ड आधीपेक्षा वाईट निघतं. मी मुलाचा नंबर मागितला आणि मामांच्या समोरच फोन लावला. त्याने आधी विचारलं, बुधवारी चालेल का, बाजार नसतो. चालेल म्हटलं, आणि रजिस्टरमध्ये बुधवार लिहिला.